तिच्या जागी तो : एका पुनर्कथनाच्या निमित्ताने

लोकप्रिय साहित्याकडे आपली समीक्षा सहसा दोनच वाटांनी वळते. एक वाट समाजशास्त्राची : अमुक पुस्तक एवढे का खपले, यावरून समाजाच्या मनःस्थितीचे निदान करायचे. दुसरी वाट अभिरुचीची : वाचकांची पातळी खालावल्याचा पुरावा म्हणून त्या पुस्तकाचा उल्लेख करायचा आणि पुढे जायचे. या दोन्ही वाटांवर पुस्तक प्रत्यक्ष वाचण्याची फारशी गरज पडत नाही. क्वचित मात्र एखादी लोकप्रिय संहिता अशी येते, की सिद्धांतव्यवहाराने नुसता कल्पिलेला प्रयोग ती प्रत्यक्ष करून दाखवते. स्टेफनी मायर या अमेरिकन लेखिकेचे 'लाइफ अँड डेथ : ट्वायलाइट रीइमॅजिन्ड' हे २०१५ साली प्रसिद्ध झालेले पुस्तक या जातीचे आहे. त्याची वाङ्मयीन गुणवत्ता मोठी आहे, असा माझा दावा नाही. मराठीच्या एम. ए.च्या वर्गाला गेली काही वर्षे मी कथनमीमांसा आणि स्त्रीवादी समीक्षा हे दोन विषय शिकवते. त्या दोहोंच्या सांध्यावर उभे राहणारे प्रश्न या पुस्तकाने मला अधिक नेमके करून दिले. त्यांतला एक प्रश्न तर माझ्या स्वतःच्या आयुष्यातून गेलेला आहे. एवढ्यासाठी हे लेखन.

१

मूळ कादंबरी 'ट्वायलाइट' २००५ साली आली. १७ वर्षांची बेला स्वान आईला सोडून वॉशिंग्टन राज्यातील फोर्क्स या पावसाळी गावात, पोलीसप्रमुख असलेल्या वडिलांकडे राहायला येते. शाळेत तिला एडवर्ड कलन भेटतो. दिसायला तोही १७चा. पण जन्म १९०१चा, आणि १९१८च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत मरणाच्या दारात असताना व्हॅम्पायर योनीत आणलेला. त्याच्या कुटुंबाने माणसाचे रक्त वर्ज्य मानले आहे. बेलाच्या रक्ताचा गंध मात्र त्याला असह्य मोह घालतो. जिच्यावर प्रेम तिचाच जीव घेण्याची वासना आणि त्या वासनेवरचा संयम, हे या कथेचे सूत्र आहे. पुढे 'न्यू मून' (२००६), 'एक्लिप्स' (२००७) आणि 'ब्रेकिंग डॉन' (२००८) हे भाग आले. २००८पासून चित्रपटही निघाले.

मूळ कादंबरीला दहा वर्षे झाल्याच्या निमित्ताने मायर यांनी तीच कथा पात्रांची लिंगे बदलून पुन्हा लिहिली. बेलाचा बोफोर्ट ऊर्फ बो झाला आणि एडवर्डची ईडिथ. जेकबची जूली, डॉक्टर कार्लाइलची कॅरीन, ॲलिसचा आर्ची आणि पाठलाग करणाऱ्या जेम्सची जॉस. प्रथम प्रकाशनाच्या वेळी दोन्ही कादंबऱ्या एकाच बांधणीत, पाठीला पाठ लावून छापल्या होत्या. एका बाजूने उघडले की ती निवेदन करते, पुस्तक उलटे धरून दुसऱ्या बाजूने उघडले की तो.

हा खटाटोप कशासाठी, हे लेखिकेने प्रास्ताविकात सांगितले आहे. बेला ही सतत कुणीतरी वाचवावी लागणारी अबला आहे, हा आक्षेप तिला वर्षानुवर्षे ऐकावा लागला. तिचे उत्तर असे, की बेला संकटात सापडते ती स्त्री म्हणून नव्हे, तर अतिमानवी शक्तींनी वेढलेले एक साधे माणूस म्हणून. तिच्या जागी मुलगा असता तरी हेच घडले असते. तर मग तिच्या जागी मुलगा ठेवूनच पाहू. बदलांचा हिशेबही तिने दिला आहे. नायिकेचा नायक झाला म्हणून कराव्या लागलेल्या बदलांचा वाटा ती ५ टक्के सांगते. भाषा सफाईदार करण्यासाठी केलेल्या बदलांचा ७० टक्के.

२

सिद्धांताच्या भाषेत हा प्रतिस्थापनेचा प्रयोग आहे. संरचनावादी भाषाविज्ञानात एखादा घटक अर्थभेदक आहे की नाही हे ठरवण्यासाठी त्याच्या जागी दुसरा घटक ठेवून पाहतात. अर्थ बदलला तर भेद सार्थ, न बदलला तर निरर्थक. कथनाच्या क्षेत्रात व्लादिमिर प्रॉप यांनी १९२८ साली रशियन अद्भुतकथांविषयी जे मांडले, त्याचा रोख हाच होता. पात्रे बदलतात, त्यांची कार्ये टिकून राहतात; ३१ कार्ये आणि ती वाटून घेणारी सात कृतिक्षेत्रे यांतून ती सगळी कथासृष्टी उभी राहते. मायर यांनी प्रॉप वाचला असेल वा नसेल. त्यांचे म्हणणे मात्र प्रॉपच्या बाजूचे आहे. घसरत आलेली मोटार हाताने थोपवणारी ईडिथ असो वा एडवर्ड, रक्षणकर्त्याचे कार्य तेच राहते.

परंतु कोणत्याही प्रतिस्थापनेत जे बदलले त्यापेक्षा जे बदलता आले नाही ते अधिक बोलके असते. या पुस्तकात मला अशा चार जागा दिसतात.

पहिली जागा आईवडिलांची. सगळ्या पात्रांची अदलाबदल झाली, पण नायकाचे आईवडील, रने आणि चार्ली, जसेच्या तसे राहिले. कारण लेखिकेनेच दिले आहे : त्या काळी घटस्फोटानंतर तान्ह्या मुलाचा ताबा बापाकडे जाणे दुर्मिळ होते. म्हणजे व्हॅम्पायरची स्त्री करता येते, न्यायालयाच्या दारातल्या बापाची आई करता येत नाही. अद्भुताचा प्रदेश लवचीक निघाला आणि कायद्याचा ताठ.

दुसरी जागा पोर्ट एंजलिस या शहरातली. मूळ कथेत तेथील निर्जन रस्त्यावर काही पुरुष बेलाला घेरतात. त्यांना काय हवे आहे हे सांगावे लागत नाही. बोच्या बाबतीत हा प्रसंग तसाच ठेवणे लेखिकेला शक्य झाले नाही. तिथे गुन्हेगारांची टोळी त्याला पोलीस समजून अडवते. मुलीला धोका उत्पन्न होण्यासाठी ती मुलगी असणे पुरते. मुलाच्या बाबतीत धोक्यासाठी स्वतंत्र कारण रचावे लागते. ५ टक्क्यांचा हिशेब या एका पानावर मोडतो.

तिसरी जागा स्वभावाची. बो हा बेलापेक्षा कमी चिडका आहे आणि त्याची भाषाही तिच्याइतकी फुलोऱ्याची नाही, असे लेखिका नोंदवते. हा स्वभावातला किरकोळ फरक म्हणून ती सोडून देते. मला तो किरकोळ वाटत नाही. बेलाच्या मनात एक अढी आहे, जगाशी तिचे सतत काही बिनसलेले आहे. ती मुलगा झाल्याबरोबर ही अढी नाहीशी झाली. ती कुठून आली होती, हा प्रश्न पुस्तक विचारत नाही. समीक्षेने तो विचारायला हवा.

चौथी जागा शेवटाची. मूळ कथेत बेलाला झालेल्या दंशाचे विष एडवर्ड शोषून काढतो आणि ती माणूस म्हणून जगते. बोच्या शरीरात विष फार पसरलेले असते. तो व्हॅम्पायर होतो, जगाच्या दृष्टीने मरतो आणि स्वतःच्या दफनविधीला दुरून पाहतो. पहिली कथा पुढच्या तीन भागांसाठी उघडी राहते, दुसरी एका खंडात मिटते. त्या पुढल्या भागांत बेलाचे लग्न आहे, तिचे गर्भारपण आहे, तिच्या जिवावर उठलेले बाळंतपण आहे. मायर यांच्या सृष्टीत व्हॅम्पायर पुरुषाला मूल होऊ शकते. व्हॅम्पायर स्त्रीचे शरीर गोठलेले असल्याने तिला गर्भ राहू शकत नाही. साहजिकच ईडिथ आणि बो यांच्या कथेला त्या वाटेने पुढे जाताच येत नाही. शेवट बदलण्यामागे हाच हेतू होता असे मी म्हणत नाही. कथासृष्टीचे नियमच लिंगनिरपेक्ष नव्हते, एवढे मात्र त्यावरून दिसते.

३

इथे एक विरोधाभास लक्षात घ्यावा लागतो. स्त्रीवादी समीक्षेने 'ट्वायलाइट'ला परंपरावादी ठरवले आहे आणि त्यात तथ्यही आहे. तरीही दृष्टीच्या राजकारणाचा विचार केला तर मूळ कथाच उलटी होती. तिथे मुलगी पाहते आणि मुलगा पाहिला जातो. एडवर्डचे संगमरवरी शरीर, उन्हात चमकणारी त्याची त्वचा, यांचे वर्णन बेला पानेच्या पाने करते. शरीरसंबंधाला विवाहापर्यंत नकार देणारा, मर्यादा राखणारा तोच आहे. उत्सुकता तिची आहे. लॉरा मल्व्ही यांनी १९७५ साली चित्रपटांच्या संदर्भात पाहणारा पुरुष आणि पाहिली जाणारी स्त्री अशी जी विभागणी दाखवली, तिच्या नेमकी विरुद्ध ही मांडणी आहे. कोट्यवधी किशोरींना या कथेने जी भुरळ घातली, तिचे एक कारण मला यात दिसते.

अदलाबदल झाली आणि ही उलटी कथा सुलटी झाली. आता मुलगा पाहतो आणि अलौकिक रूपवती पाहिली जाते. सुंदर आणि प्राणघातक स्त्री हे साहित्याचे फार जुने आशयसूत्र आहे. ब्रॅम स्टोकरच्या 'ड्रॅक्युला'च्या (१८९७) आधी शेरिडन ल फानूची 'कार्मिला' (१८७२) येऊन गेली होती. आपल्याकडे विषकन्या आहे, यक्षिणी आहे, गावोगावच्या गोष्टींतली हडळ आहे. ईडिथ या सगळ्यांपेक्षा वेगळी आहे, कारण तिचा मोह स्वतःशी झुंजणारा आहे. तरीही वाचकाच्या मनात तिची जागा आधीच तयार असते. एडवर्डसाठी ती घडवावी लागली होती.

इंग्रजी कादंबरीला हा प्रयोग नवा नाही. सॅम्युएल रिचर्डसनच्या 'पामेला'मध्ये (१७४०) एक दासी मालकापासून आपले शील राखते. हेन्री फील्डिंगने १७४२ साली 'जोसेफ अँड्र्यूज'मध्ये पामेलाच्या भावाला तशाच परिस्थितीत ठेवले. विधवा मालकीणबाई त्याच्या मागे लागतात आणि तो शीलासाठी नोकरीला मुकतो. वाचक हसतो. परिस्थिती तीच असताना बहिणीसाठी डोळे पुसणारा वाचक भावाला हसतो, हे त्या कादंबरीने कायमचे दाखवून दिले. मायर यांना मात्र हसू नको आहे. सत्तेचा उगम त्यांनी लिंगातून काढून योनिभेदात नेला आहे, त्यामुळे बो हास्यास्पद होत नाही. शंभरी ओलांडलेल्या अमर जिवापुढे कोणताही १७ वर्षांचा माणूस दुबळाच, मग तो मुलगा असो की मुलगी. या मर्यादेत लेखिकेचा युक्तिवाद टिकतो, हे मान्य केले पाहिजे.

४

वर्गात मी एक छोटा स्वाध्याय दिला. मोटारीच्या अपघाताचा उतारा दोन्ही कादंबऱ्यांतून घेऊन त्यांचे मराठी भाषांतर करायचे. इंग्रजीत निवेदकाचा 'मी' लिंगहीन असतो. बेलाची अनेक वाक्ये बोच्या तोंडी जशीच्या तशी राहू शकतात. म्हणूनच ५ टक्के हा आकडा संभवतो. मराठीत 'मी दचकलो' आणि 'मी दचकले' यांच्यामध्ये तिसरी जागा नाही. निवेदकाला वाक्यावाक्याला आपली ओळख द्यावी लागते.

पण सगळ्याच वाक्यांत नाही, आणि हे विद्यार्थ्यांच्याच लक्षात आले. 'मी त्याला पाहिले', 'मी दार उघडले', 'मी हात धरला' या वाक्यांत बोलणारा पुरुष की स्त्री, हे कळत नाही. काही अपवाद वगळता सकर्मक क्रियेच्या भूतकाळी रूपात क्रियापद कर्माकडे वळते किंवा तटस्थ राहते, आणि कर्त्याचे लिंग झाकले जाते. उलट 'मी घाबरलो', 'मी पडले', 'मी लाजले', 'मी थांबलो' इथे ते उघडे पडते. दुसऱ्यावर काही केले तेव्हा मराठी वाक्य कर्त्याला लिंग विचारत नाही. स्वतःवर काही ओढवले, की पहिला प्रश्न तोच. व्याकरणातून समाजशास्त्र काढण्याचा मोह आवरायला हवा, हे मी जाणते. रूपव्यवस्थेला तिचा स्वतःचा इतिहास असतो. तरीही अपघाताच्या त्या उताऱ्यात बोच्या वाट्याला अशीच क्रियापदे एकामागून एक आली, आणि वर्गातल्या मुलांनी 'मी घाबरलो'च्या जागी 'मला भीती वाटली' असे लिहून लिंगाची मात्रा पुसून टाकली. मुलींनी 'मी घाबरले' सहज लिहिले. कुणी सांगितले नव्हते.

वस्तुतः पुरुषाने स्त्रीच्या क्रियापदात बोलणे ही मराठीची जुनी सवय आहे. ज्ञानेश्वरांच्या विराण्या, संतांच्या गौळणी, होनाजी बाळा आणि राम जोशी यांच्या लावण्या, ही सगळी पुरुषांनी लिहिलेली स्त्रीवाचक 'मी'ची रचना आहे. विठ्ठलालाही आपण विठाई केले. परंतु या प्रत्येक ठिकाणी लिंगबदलाला निश्चित प्रयोजन आहे : भक्ताला आर्तता हवी आहे, शाहिराला शृंगार. आर्त व्हायचे तर बाई व्हावे लागते, हा त्यामागचा संकेत. बोला आर्त ठेवूनही पुरुष राहू देणे, हे या पुनर्कथनाने साधलेले काम त्या मानाने थोडे नाही.

आणि तुलना हे शस्त्र म्हणून वापरण्याचा आपला वारसा तर थेट ताराबाई शिंदे यांच्यापर्यंत जातो. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेवरील खटल्याच्या निमित्ताने १८८२ साली प्रसिद्ध झालेल्या 'स्त्रीपुरुषतुलना'त स्त्रियांवर लादलेल्या दुर्गुणांची यादी त्यांनी एकेक करून पुरुषांपुढे धरली आणि यांतला कोणता तुमच्यात नाही, असे विचारले. हीही प्रतिस्थापनाच आहे. ताराबाई अदलाबदल करतात ती आरोप सिद्ध करण्यासाठी, मायर करतात ती आरोप फेटाळण्यासाठी. साधन एक असले तरी ज्याला प्रश्न विचारायचा तो निराळा आहे. ताराबाईंचा प्रश्न व्यवस्थेला आहे. मायर यांचा प्रश्न त्यांच्या वाचकांना आहे, आणि तो बचावाचा आहे.

५

आता ज्या प्रश्नाचा आरंभी उल्लेख केला तो. एडवर्ड रात्री बेलाच्या खोलीत शिरतो आणि तिच्या नकळत तिला झोपलेली पाहत राहतो. पुनर्कथनात ईडिथ बोच्या बाबतीत हेच करते. दोन्हीकडे ही गोष्ट कळल्यावर निवेदक फारसा रागावत नाही, उलट सुखावतो.

मी पदव्युत्तर शिक्षण घेत असताना मुलींच्या वसतिगृहात राहत होते. एक वर्गमित्र रोज संध्याकाळी समोरच्या झाडाखाली उभा राही. तो कधी बोलला नाही, त्याने पत्र दिले नाही, तसे पाहिले तर काहीच केले नाही. खोलीत दिवा लागला की तो दिसे. दिवा मालवला तरी तो तिथेच आहे हे माहीत असे. मैत्रिणी चेष्टा करीत, आणि त्या चेष्टेत थोडा हेवाही असे. वसतिगृहाच्या बाईंनी मला गॅलरीत न जाण्याचा सल्ला दिला. मी गॅलरी सोडली, मग संध्याकाळचे ग्रंथालय सोडले. मला जुनी नियतकालिके चाळायची होती. दिवसा तास असत, त्यामुळे ते काम संध्याकाळीच होण्यासारखे होते. शेवटी मी लघुप्रबंधाचा विषय बदलला. या सगळ्याला त्या वेळी उपलब्ध असलेला एकच शब्द होता, तो म्हणजे 'प्रेम'. त्या शब्दामुळे माझी भीती ही माझ्या रसिकतेतली उणीव ठरत होती.

ही हकीकत मी वर्गात सांगितली नाही. चर्चा त्या प्रसंगावर आली तेव्हा एक विद्यार्थी म्हणाला, की ईडिथ खोलीत येते ते पान त्याने वाचले, पण त्यात थांबण्यासारखे काही त्याला जाणवले नव्हते. त्याच्या शेजारची विद्यार्थिनी म्हणाली, 'तू ते पान नुसते वाचलेस. मी दाराची कडी आठवत वाचले.' दोघांच्याही बोलण्यात खोटे काही नव्हते. त्या मुलाला मी बेलाचे पान पुन्हा वाचायला सांगितले. या वेळी तो थांबला. आपण का थांबलो हे त्याला लगेच सांगता येईना.

वोल्फगांग इझर यांच्या मते संहितेतल्या रिकाम्या जागा वाचक भरतो. मात्र त्या भरण्यासाठी लागणारी सामग्री प्रत्येकापाशी सारखी नसते. कुणापाशी हडळीच्या गोष्टी असतात, कुणापाशी झाडाखालचा माणूस. मायर यांनी संहितेतली पात्रे बदलली. पोर्ट एंजलिसचा रस्ता, त्या काळचे न्यायालय आणि वाचणाऱ्याच्या दाराची कडी या गोष्टी त्यांच्या हातात नव्हत्या. म्हणून त्यांच्या प्रयोगाने त्यांना हवे असलेले उत्तर अर्धेच दिले. कथेतले दुबळेपण माणसाचे आहे हे त्यांनी दाखवले. ते वाचताना वाटणारे भय मात्र माणसामाणसांत सारखे वाटलेले नाही, हे त्यांच्या पुस्तकाने त्यांच्या हेतूबाहेर जाऊन दाखवले. माझ्या मते हाच त्याचा अधिक मोलाचा भाग आहे. २०२० साली मायर यांनी 'मिडनाइट सन'मध्ये तीच कथा एडवर्डच्या तोंडून सांगितली. त्यात खोलीत शिरणाऱ्याचे मन आपल्याला दिसते. पण झोपलेल्या व्यक्तीची संमती त्यामुळे उत्पन्न होत नाही.

ही कसोटी आपल्या संहितांना लावून पाहावी, असे मला सुचवायचे आहे. उदाहरणार्थ, हरिभाऊ आपटे यांच्या 'पण लक्षात कोण घेतो!'ची निवेदक यमू आहे. एका पुरुषाने १८९०च्या दशकाच्या आरंभी स्त्रीच्या क्रियापदात ही सबंध आत्मकथा लिहिली. तिच्या जागी यमूचा भाऊ ठेवा आणि बाकी सारे तसेच राहू द्या. क्रियापदे बदलतील, ते सोपे आहे. पण वैधव्य? केशवपन? त्या घरातला पुरुष विधुर झाला तर त्याचे लग्न पुन्हा लावून देतील आणि कादंबरी तिथेच संपेल. तिथे ५ टक्के बदलून भागणार नाही. कथाच उरणार नाही. कोणत्या संहितेत किती टक्के बदलावे लागते, हा हिशेब त्या संहितेइतकाच तिच्या काळाचा असतो. तो पानोपानी मांडून पाहणे हे आपल्या समीक्षेचे काम आहे, आणि त्यासाठी संहिता लोकप्रिय की अभिजात, हा प्रश्न पहिला विचारण्याचे कारण नाही.